चुकीची नोंद दुरुस्त न करण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक व काळजीवाहक साहाय्य विभाग,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : स्मृतिभ्रंश आधार केंद्राच्या दप्तरी अर्जदार 'रुग्ण' आणि अर्जदाराची पत्नी 'काळजीवाहक' अशी जी उलटी नोंद झाली आहे, ती कृपया उलटीच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे 'नोंद दुरुस्ती' या मथळ्याचे पत्र.
२) गेल्या गुरुवारी केंद्राच्या दारात घडलेला प्रकार.

महोदय,

१. अर्जदार हा वजनकाटे दुरुस्त करणारा कारागीर असून आता वयोमानाने घरी असतो. दुकानांतले तराजू, गोदामांतले मोठे काटे, दवाखान्यातले तान्ह्या मुलांचे काटे, सगळे त्याच्या हाताखालून गेले आहेत. दुकानदाराने चहा पाजला म्हणून काटा जरा ढिला सोडला, असे त्याच्याकडून कधी झाले नाही. खोट्या वजनाचा त्याला मनापासून तिटकारा आहे. अशा माणसाने चूक तशीच ठेवा म्हणून अर्ज करावा, याचे आपल्याला नवल वाटेल. अर्जदारालाही वाटते. तरी मजकूर शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. तो थोडा लांबला आहे, कारण हे सगळे ऐकून घ्यायला घरात दुसरे कोणी नाही.

२. अर्जदाराची पत्नी पूर्वी एका मोठ्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होती. पुढे तिथे आपोआप जोडणी करणारे यंत्र आले आणि तिच्या हातात एक पत्र देऊन तिला घरी पाठवण्यात आले. आता तिला स्मृतिभ्रंश आहे. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, मुलीचे नाव कधी सापडते, कधी सापडत नाही. पण कोणी समोर बसून प्रश्न विचारू लागले की तिची मान ताठ होते, आवाज स्वच्छ होतो आणि ती अशा अदबीने बोलते की विचारणाऱ्यानेच आपली कॉलर नीट करावी. बाकी सगळे जात चालले आहे, आवाज तेवढा राहिला आहे.

३. केंद्रात नाव नोंदवायला दोघे गेले, त्या सकाळी घरात मोठा गोंधळ झाला होता. अर्जदाराची दाढी अर्धी झाली होती, कारण मध्येच पत्नी दार उघडून बाहेर निघाली होती. कोटाचे बटण एक घर चुकून लागले होते. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल होती. दुसरा बूट नंतर पिठाच्या डब्यात मिळाला. त्याउलट पत्नीचे केस विंचरलेले, पर्स खांद्याला, चेहऱ्यावर मंद हसू. तिची तयारी अर्जदारानेच केली होती आणि ती चांगली झाली होती, एवढाच त्याचा गुन्हा. कारकुनाने अर्जदाराला आज वार कोणता असे विचारले. कितीतरी दिवस नीट झोप नसल्याने त्याला तो खरोखर सांगता आला नाही. मग कारकुनाने आवाज खाली आणून पत्नीला विचारले, "यांना असं कधीपासून होतंय?" ती उसासा टाकून म्हणाली, "लग्न झाल्यापासूनच." कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली आणि निळ्या फितीचे काळजीवाहकाचे ओळखपत्र तिच्या गळ्यात घातले. रुग्णाची पिवळी फीत अर्जदाराच्या गळ्यात आली.

४. त्याच वेळी अर्जदाराने तोंड का उघडले नाही, असे आपल्या पत्रात विचारले आहे. त्याने उघडले होते. पण कारकुनाने त्याच्या हातावर थोपटून, "बसा हं आजोबा, आता तुमचं सगळं या बघतील," असे सांगितले. तेव्हा अर्जदाराने पत्नीकडे पाहिले. ती निळी फीत सरळ करत होती. नोकरी गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर तो भाव त्याने पाहिला नव्हता. माणूस कामावर रुजू होतो तेव्हा असा दिसतो. अर्जदाराने तोंड मिटले आणि तो पिवळ्या खोलीत जाऊन बसला.

५. त्यानंतर दर गुरुवारी पत्नी निळ्या वर्गात जात असे आणि अर्जदार पिवळ्या. निळ्या वर्गात शिकवणाऱ्या ताईंना खरा प्रकार लवकरच कळला असावा. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावू नये. त्या वर्गात खुर्चीतल्या माणसाला कसे उठवावे, कूस कशी बदलावी, घास कसा भरवावा, चिडलेल्या माणसाशी वाद कसा घालू नये, हे सगळे एका कापडी बाहुल्यावर शिकवतात. बाहुल्याची मान सैल झाली आहे, त्यामुळे तो सारखा नाही नाही म्हणत असतो. पत्नीला शिकलेल्या शब्दांतले काही लक्षात राहत नाही. पण हातांनी मात्र धरून ठेवले. घरी आल्यावर ती अर्जदाराच्या समोर उभी राहते, आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवते, "माझ्याकडे बघा, घाई नाही," असे म्हणते आणि त्याला खुर्चीतून उठवते. अर्जदार स्वतःच्या पायांवर उठू शकतो. तो उठत नाही. सुरुवातीला ते अवघड गेले, कारण आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्याखाली वाकून काम केलेल्या माणसाला कोणी आपला भार उचलण्याची सवय नसते. आता जमते.

६. पिवळ्या खोलीत अर्जदार काय करत होता, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या पत्रात 'अपात्र व्यक्तीने जागा अडवली' असे वाक्य आहे. त्या खोलीत मऊ चेंडू एकमेकांकडे टाकतात, रंगीत चौकोन जुळवतात आणि दुपारी खातात. शेजारी कप्तान नावाने ओळखले जाणारे एक गृहस्थ बसत, ते जहाज कधी सुटणार म्हणून विचारत आणि अर्जदार त्यांना सामान चढते आहे असे सांगत असे. मदतनीस बायका प्रेमळ आहेत. पण त्या बसलेल्यांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतात आणि चमचा आधीचा घास गिळण्याच्या आत पुढे येतो. मागून येऊन कोणी खांद्याला धरले की किती दचकायला होते, ते अर्जदाराला त्या खोलीत कळले. आपण घरी पत्नीला असेच मागून धरत होतो, असेच भराभर भरवत होतो आणि मग ती हात झटकते म्हणून तिच्यावरच वैतागत होतो, हेही तिथेच कळले. निळ्या वर्गात हे कोणी शिकवत नाही. ते पिवळ्या खुर्चीत बसल्याशिवाय समजत नाही. तेव्हा जागा अडवली हे खरे असले, तरी ती फुकट गेली नाही.

७. आता मुख्य मुद्दा. पत्नीने खाणे सोडले होते. ताटापुढे बसवले की ती तोंड फिरवायची, चमचा ढकलायची, मला कशाला लहान मुलीसारखं भरवताय म्हणून रडायची. डॉक्टरांनी टॉनिकच्या बाटल्या लिहून दिल्या, त्या तिने कुंडीत ओतल्या. ती वाळत चालली होती आणि अर्जदाराला ते डोळ्यांनी दिसत होते. मग निळ्या वर्गात ताईंनी शिकवले की रुग्णाला घास देण्याआधी तो गरम नाही ना, मऊ शिजला आहे ना, हे स्वतः थोडा चाखून बघावे. पत्नीने घरी येऊन कुस्करलेला बटाटा वाटीत घेतला, अर्जदाराच्या गळ्याला रुमाल बांधला, चमचा भरला आणि आधी आपल्या जिभेला लावला. मग गिळला. मग पुढचा चमचा भरला. अर्जदाराने तिला सांगितले की अजून जरा गरम वाटते, पुन्हा बघा. तिने पुन्हा बघितले. महोदय, तेव्हापासून त्या घरात रोज असेच जेवण होते. अर्जदार तक्रारखोर रुग्ण आहे. त्याला सूप खारट वाटते, भात कडक वाटतो, दुधाची शंका येते आणि पत्नी प्रत्येक वेळी चाखून खात्री करून घेते. अशी अर्धी वाटी तिच्या पोटात जाते. अर्जदाराच्या घरी वर उभे राहून वजन करायचा जुना फलाटी काटा आहे, त्यावर ती हळूहळू भरत गेली, आणि तो काटा अर्जदाराने स्वतः जुळवलेला आहे.

८. आंघोळीचेही असेच. ती त्याला टॉवेल देते, साबणाचा फेस कसा करायचा ते आपल्या हातांवर करून दाखवते आणि दाखवता दाखवता स्वतःची आंघोळ उरकते. कोटाची बटणे कशी लावायची हे ती त्याला स्वतःच्या स्वेटरवर शिकवते. रोज सकाळी ती आरशापुढे उभी राहून गळ्यातले ओळखपत्र वाचते आणि मोठ्याने म्हणते, काळजीवाहक. मग तिचा दिवस सुरू होतो. ज्या माणसाला उठल्यावर आपण कोण हे ठाऊक नसते, त्याला ते कोणीतरी लिहून गळ्यात घातले आहे, याचा केवढा आधार होतो, हे अर्जदाराने रोज पाहिले आहे.

९. आपल्याकडून पडताळणीसाठी आलेल्या तपासनीस मुलीबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ती सभ्यपणे बोलली. तिने पत्नीला विचारले की आपण ज्यांची काळजी घेता त्यांचे नाव काय. पत्नी म्हणाली, "आम्ही नाव विचारत नसतो, जोडून देतो." मुलीने काहीतरी टिपून घेतले. एवढ्यावरही निभावले असते. पण पुढे ती अर्जदाराकडे आली आणि तिची बॅग खाली ठेवताना त्याच्या हातात आली. हात लागताच त्याने बॅगेचे वजन सांगितले, शिवाय ती खांद्याला एका बाजूने टांगू नका, पाठ धरेल, असा सल्लाही दिला. नको तिथे हुशारी दाखवली. मुलगी हसली, केंद्राच्या काट्यावर बॅग ठेवून आली आणि तिचे हसू मावळले. आपले 'नोंद दुरुस्ती' पत्र त्यानंतर आले. त्या एका बॅगेपायी हे सगळे झाले, म्हणून अर्जदार स्वतःवर चिडलेला आहे.

१०. पत्राप्रमाणे दुरुस्ती पुढील महिन्यापासून अमलात यायची आहे. तरी गेल्या गुरुवारी दारातच पत्नीच्या गळ्यातली निळी फीत काढून घेण्यात आली आणि तिला पिवळ्या खोलीकडे वळवण्यात आले. ती उंबऱ्याशी थांबली. अर्जदाराला निळ्या वर्गात जायला सांगितले, तोही हलला नाही. कारकुनाने पत्नीला, "आजी, आता तुम्ही आराम करायचा," असे म्हटले. तेव्हा तिने अर्जदाराकडे वळून विचारले, "माझं काम गेलं का?" मागे टेलिफोनच्या नोकरीतून घरी आली होती, तेव्हा पत्र टेबलावर ठेवून तिने हेच शब्द विचारले होते. तेव्हा अर्जदाराने, घरात काय कमी कामं आहेत, असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. या वेळी त्याने तिची पर्स तिच्या खांद्यावर सरळ केली. दोघे घरी परत आले.

११. त्या दिवसापासून ती अर्जदाराला खुर्चीतून उठवत नाही. तो बसून राहतो, ती बघत राहते. चमचा हातात दिला तर ती तो बाजूला ठेवते आणि, "ज्यांचं काम आहे त्यांना सांगा," असे म्हणते. ती कपाटांत आणि पिठाच्या डब्यात फीत शोधते. अर्जदाराने पुठ्ठा कापून, निळ्या नाडीचे एक ओळखपत्र घरीच तयार केले. अक्षर चांगले काढले. तिने ते उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले आणि, "यावर शिक्का नाही," म्हणून परत दिले. अर्जदाराला राग आला नाही. शिक्क्याशिवायचे वजन तो स्वतःही हातात धरत नसे. तो मात्र घाबरला आहे, हे त्याने इथे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. काट्यावर तिचे वजन आता उतरू लागले आहे.

१२. अर्जदाराची मुलगी दूर राहते. तिला फोनवर हे सांगितले असता ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला वेड लागलंय का?" अर्जदाराने तिला सरकारदप्तरी तसेच आहे असे सांगितले. ती हसली. नियम आहे तर पाळायला हवा, असे तिचे म्हणणे पडले. अर्जदारालाही नियम मान्य आहेत. म्हणून त्याने नियमात बसतील अशा काही वाटा शोधल्या आहेत, त्या क्रमाने मांडतो.

पहिली अशी की नोंद आहे तशीच ठेवावी. त्यासाठी अर्जदार खरोखर रुग्ण आहे असा पुरावा लागत असल्यास त्याची पुन्हा तपासणी करावी. तो नापास होण्यास तयार आहे. वार, महिना, घराचा पत्ता यांतले काहीही तो सांगणार नाही आणि कोणाची बॅग उचलणार नाही.

हे मान्य नसल्यास, एका घरात दोन रुग्ण आणि दोन काळजीवाहक, असे एकाच जोडप्याबाबत लिहावे. वस्तुस्थितीशी ते जवळचे आहे. आता त्या घरात कोण कोणाला सांभाळते हे ठरवायला एखादा बारीक काटा लागेल आणि तसा काटा अर्जदाराच्या पाहण्यात नाही.

तेही न जमल्यास, निळ्या वर्गातल्या कापडी बाहुल्याची मान आता दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, तरी त्याच्या जागी अर्जदाराची नेमणूक करावी. तो दर गुरुवारी खाटेवर निमूट पडून राहील. उचलले तर उचलू देईल, कूस बदलली तर बदलू देईल, सगळ्या वर्गाने भरवले तरी खाईल. बाहुल्यापेक्षा त्याचे वजन खरे आहे, त्यामुळे शिकणाऱ्यांचा फायदाच होईल. मोबदला नको. बाहुल्यासोबत एक अनुभवी बाई असावी आणि तिच्या गळ्यात निळी फीत असावी, एवढी एकच अट राहील.

१३. हे वाचून आपण हसलात तर अर्जदाराची हरकत नाही. तो स्वतः लिहिताना एकदा हसला. पण या अर्जात त्याने एक गोष्ट आतापर्यंत लिहिली नव्हती, ती लिहिल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. अर्जदार आपला नवरा आहे हे पत्नीला आता ठाऊक नाही. ती त्याला पूर्वी 'अहो' म्हणत असे. मग कधीतरी नुसतेच 'ऐका' म्हणू लागली. अलीकडे ती 'काका' म्हणते. ती विसरली, याचे अर्जदाराला वाईट वाटते, फार वाटते, पण आपल्याकडे कोणीतरी सोपवलेला एक म्हातारा माणूस आहे एवढे तिच्या मनात पक्के आहे, आणि त्या सोपवलेपणावर अर्जदाराचे दिवस चालले आहेत.

गेल्या गुरुवारी दारात फीत काढून घेतल्यावर ती लगेच परत फिरली नव्हती. ती कारकुनाच्या टेबलाशी गेली, पर्स पुढे धरून उभी राहिली आणि पूर्वी फोनवर बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तुमची काहीतरी चूक होतेय. मला आराम करून चालणार नाही. या काकांना कोणी नाही. यांची बायको कुठेतरी गेली आहे, कधी येईल ते सांगून गेली नाही. ती येईपर्यंत मी यांना सोडणार नाही, मी शब्द दिलाय." कारकुनाने मान खाली घातली. अर्जदार दोन पावलांवर उभा होता आणि त्याने ते ऐकले.

१४. तरी महोदयांना विनंती की सदर चुकीची नोंद कायमची ठेवावी असे अर्जदाराचे म्हणणे नाही. अर्जदाराची पत्नी परत येईपर्यंत ती तशीच ठेवावी. ती आली की अर्जदार स्वतः दुसरा मजला चढून येईल आणि दुरुस्ती करून घेईल.

आजच्या तारखेस दप्तरी अर्जदार रुग्ण असल्याने त्याच्या सहीला किंमत नाही. म्हणून नियमाप्रमाणे खाली काळजीवाहकाची सही घेतली आहे. कशावर सही करायची हे तिने विचारले. काकांचे काम आहे असे सांगितल्यावर तिने लगेच केली.

आपला नम्र व दप्तरी असमर्थ,
अर्जदार

करिता,
(सही)
काळजीवाहक

दिनांक : अर्जदारास सांगता येत नाही, असे समजावे.

सोबत :
१) पिवळी फीत. परत करण्यासाठी नव्हे, केवळ पाहण्यासाठी.
२) घरी तयार केलेले, शिक्का नसलेले ओळखपत्र. शिक्का मारून मिळावे.